इंदूर ते सॅन फ्रान्सिस्को : अंतर बरोबर, वेळ चुकीची

दोन विमानतळांची नावं टाकली की मधलं अंतर आणि ‘प्रवासाला लागणारा वेळ’ सांगणारी एक मोफत साइट मी २०१८ पासून वापरते आहे. तिच्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. नाव देत नाही, कारण तशा अनेक साइट आहेत आणि मी उघडून पाहिलेल्या चारही ठिकाणी तोच दोष निघाला. अंतरासाठी मी तिला पाचपैकी पाच तारे देईन. वेळेसाठी एक. त्या एका ताऱ्याची किंमत आम्ही मोजली आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आमच्या इंदूरच्या लोकमान्य नगरात, रामबागेत, सुदामा नगरात अशी कितीतरी मराठी घरं आहेत जिथे आता फक्त आईवडील राहतात. मुलं कॅलिफोर्नियात, टेक्सासात, नाहीतर मेलबर्नला. मुलीचं बाळंतपण असतं, सुनेची नोकरी सुरू व्हायची असते, आणि साठी-पासष्टीचं जोडपं आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या लांब निघतं. निघण्याआधी कुणीतरी फोनवर ही साइट उघडून दाखवतं : “काकू, बघा, पंधरा तास एक्कावन्न मिनिटं. एका रात्रीचा तर प्रश्न आहे.” मग त्या आकड्यावर औषधं मोजली जातात, डबा ठरतो, पुढच्या विमानाची वेळ ठरते. तो आकडा कुठून येतो हे माहीत असायला हवं.

मी अठ्ठावीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. साइटने इंदूर ते सॅन फ्रान्सिस्को १३,०५० किलोमीटर दाखवले तेव्हा मी पहिल्यांदा कपाटावरून माझा जुना पृथ्वीगोल काढला. त्याचा व्यास ३० सेंटिमीटर आहे, म्हणजे विषुववृत्तावर घेर साधारण ९४ सेंटिमीटर. पृथ्वीचा घेर चाळीस हजार किलोमीटर धरला तर गोलावरचा एक सेंटिमीटर म्हणजे सव्वाचारशे किलोमीटर. शिवणाचा दोरा घेतला, एक टोक इंदूरवर, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर, आणि ताणून धरला. दोरा एकतीस सेंटिमीटरला किंचित कमी भरला. गुणाकार केला तर तेरा हजारांच्या थोडा वर. साइटचं अंतर खरं आहे, आणि त्यातलं ‘खरं’ म्हणजे काय हे दोऱ्यानेच दाखवलं. गोलावर दोन बिंदूंमधली सर्वांत जवळची वाट म्हणजे ताणलेला दोरा. भूगोलात त्याला बृहद्वृत्त म्हणतात.

हा दोरा कुठून जातो ते प्रत्येकाने एकदा बघावं. सपाट नकाशा बघायची सवय असल्यामुळे आपल्याला वाटतं, अमेरिका म्हणजे पश्चिमेला, अरबी समुद्र ओलांडायचा, मग युरोप, मग अटलांटिक. दोरा तसा जातच नाही. तो इंदूरहून निघतो तो थेट उत्तरेला, जेमतेम सोळा अंश पूर्वेकडे कललेला. हिमालय, तिबेट, सायबेरिया ओलांडून पंचाहत्तर अंश उत्तर अक्षांशापर्यंत चढतो, बर्फाच्या समुद्रावरून वळतो आणि अलास्काकडून खाली उतरतो. इंदूरचं रेखांश ७५.८ अंश पूर्व. पृथ्वीच्या पाठीवर त्याच्या बरोबर उलट बाजूला येतं १०४.२ अंश पश्चिम. सॅन फ्रान्सिस्को १२२.४ वर आहे, म्हणजे फक्त अठरा अंशांचा फरक. आपण जवळजवळ पृथ्वीच्या पाठीमागे जातो आहोत, आणि तिकडची जवळची वाट ध्रुवाजवळूनच जाणार.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. आमचं इंदूर आणि उज्जैन जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत. आपल्या जुन्या ज्योतिषशास्त्राची मध्यरेषा हीच : विषुववृत्तावरच्या लंकेपासून उज्जैन, कुरुक्षेत्र करत मेरूपर्यंत गेलेली. मेरू म्हणजे उत्तर ध्रुव. वर्गात मी ही रेषा फळ्यावर काढायची तेव्हा मुलांना ती पुराणातली गोष्ट वाटायची. लेकीकडे जाण्याची वाट शोधताना तीच रेषा माझ्या हातातल्या दोऱ्याखाली आली. जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाच्या कॅप्टन झोया अग्रवाल यांनी सॅन फ्रान्सिस्को ते बंगळुरू हे विमान उत्तर ध्रुवावरून आणलं. कॉकपिटमध्ये सगळ्या स्त्रियाच होत्या, त्यांत एक आकांक्षा सोनवरे. ती बातमी मी कापून वहीत चिकटवून ठेवली आहे.

अंतराचा आणखी एक मोठा उपयोग आहे, तो फारसा कुणी करत नाही. वाट कुठून फुटते हे त्यावरून कळतं. इंदूरहून सॅन फ्रान्सिस्कोला थेट विमान नाही. आमची धावपट्टी पावणेतीन किलोमीटरची, आणि एवढा इंधनाचा साठा घेऊन उडणारं मोठं विमान इथे येतच नाही. मग जायचं कुठून? साइटवर तुकडे टाकून पाहिले. इंदूर–दिल्ली ६६३ किलोमीटर, दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को सुमारे १२,३८०. बेरीज थेट अंतराएवढीच! म्हणजे दिल्ली वाटेवरच आहे, एकही पाऊल वाकडं पडत नाही. मुंबईमार्गे गेलं तर बेरीज चौदा हजारांवर जाते, म्हणजे जवळजवळ हजार किलोमीटरचा वळसा. आणि दुबई? जुलै २०१९ मध्ये इंदूरहून दुबईचं विमान सुरू झालं, शहराचं पहिलं आंतरराष्ट्रीय विमान, तेव्हा आमच्याकडे सगळ्यांना वाटलं आता अमेरिका सोपी झाली. पण साइट उघडून बघा. इंदूर–दुबई सुमारे २,१०० किलोमीटर, आणि दुबई–सॅन फ्रान्सिस्को पुन्हा तेरा हजारांच्या वर. एकवीसशे किलोमीटर उडून आपण लेकीच्या घरापासून तितकेच लांब राहतो. दुबईमार्गे जाण्याची इतर कारणं असू शकतात, भाडं, सामानाची सवलत, विमानाची वेळ. पण ‘वाटेत पडतं’ हे कारण नव्हे. हे ज्ञान मला या साइटने फुकट दिलं, आणि त्यासाठी पाच तारे मी मनापासून देते.

आता वेळेबद्दल.

साइटने इंदूर–सॅन फ्रान्सिस्कोला १५ तास ५१ मिनिटं दाखवली आणि इंदूर–दिल्लीला १ तास १७ मिनिटं. दोन उत्तरं हातात असली की सूत्र काढता येतं. १३,०५० मधून ६६३ वजा केले, १२,३८७ उरले. वेळेतून वेळ वजा केली, १४ तास ३४ मिनिटं उरली. भागाकार केला तर ताशी ८५० किलोमीटर. मग ६६३ किलोमीटरला त्या वेगाने ४७ मिनिटं लागतील आणि वरची ३० मिनिटं ही चढण्या-उतरण्याची. बस, एवढंच. अंतर भागिले ८५०, अधिक अर्धा तास. यात वारा नाही, दिशा नाही, तारीख नाही, विमान बदलणं नाही, आणि मुख्य म्हणजे ते विमान खरोखर अस्तित्वात आहे का याची चौकशीसुद्धा नाही. पण पानावर हा आकडा मोठ्या ठळक अक्षरांत येतो, आणि सूत्र कुठेही सांगितलेलं नाही.

हे सूत्र मी २०१८ मध्येच काढायला हवं होतं. तेव्हा नाही काढलं, आणि जानेवारी २०१९ मध्ये काय झालं ते सांगते. लेकीची तारीख १८ जानेवारीची होती. आम्ही १० तारखेला पोचायचं ठरवलं. दिल्लीहून सकाळी साडेदहाचं विमान, आणि इंदूरहून दिल्लीसाठी वेगळं तिकीट, सकाळी सहाचं. साइट म्हणते सव्वा तास, म्हणजे सव्वासातला दिल्ली, हातात सव्वातीन तास. पुरेसे वाटले. त्या सकाळी दिल्लीत दाट धुकं होतं. आम्हाला न्यायला येणारं विमान दिल्लीहून निघालंच नव्हतं. आम्ही इंदूरच्या विमानतळावर काचेतून रिकामी धावपट्टी बघत बसलो. पावणेदहाला उडालो, सव्वाअकराला उतरलो. पुढचं विमान गेलं होतं. तिकिटं वेगवेगळी असल्यामुळे पहिल्या कंपनीची जबाबदारी नाही, दुसऱ्या कंपनीच्या लेखी आम्ही आलोच नाही. नव्याने पैसे भरून दोन दिवसांनंतरच्या जागा मिळाल्या. चुलत नणंदेकडे दिल्लीत राहिलो. बाळ आठवडाभर आधी आलं, ११ तारखेला. लेकीजवळ त्या वेळी जावई एकटेच होते. मी १२ तारखेच्या संध्याकाळी पोचले आणि दवाखान्यात तिला बघितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, “आई, आलीस?” ते दोन शब्द मला अजून ऐकू येतात.

धुकं साइटने आणलं नाही, हे मला कळतं. पण डिसेंबर-जानेवारीत दिल्लीच्या सकाळवर धुकं येतं हे दरवर्षीचं आहे, आणि ‘प्रवासाला लागणारा वेळ’ असं नाव दिलेल्या आकड्यात त्याला जागा नसेल तर ते नाव बदलायला हवं. ‘सरळ रेषेत, वाऱ्याविना, न थांबता उडाल्यास’ असं लिहा. माझी तक्रार एवढीच आहे.

वाऱ्याचं थोडं अधिक लिहिते, कारण माझ्या मते सगळ्यात मोठी चूक तिथे आहे. साइटवर नावं उलटी करून बघा : सॅन फ्रान्सिस्को ते इंदूर. पुन्हा १५ तास ५१ मिनिटं. जाणं आणि येणं सारखं. खऱ्या आकाशात तसं नसतं. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, म्हणजे प्रवासी विमानं जिथे उडतात तिथेच, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे अरुंद झोत वाहतात. ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर हे नेहमीचं, कधी तीनशेच्या वर. जपानच्या वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले होते आणि जगाला कळावं म्हणून १९२६ साली ते एस्पेरांतो या जगभरासाठी मुद्दाम घडवलेल्या भाषेत छापले. ती भाषा वाचणारे थोडे, त्यामुळे ते काम बराच काळ दुर्लक्षित राहिलं. वर्गात मी हे नेहमी सांगायची.

साधा हिशेब करा. विमानाचा स्वतःचा वेग ८५०, पाठीमागून १५० चा वारा, तर जमिनीवरून मोजलेला वेग १,०००. पाच हजार किलोमीटर पाच तासांत. तोच वारा समोरून आला तर वेग ७००, आणि तेवढ्याच अंतराला सात तास नऊ मिनिटं. म्हणूनच मुंबईहून लंडनला जाताना जितका वेळ लागतो त्यापेक्षा येताना साधारण तासभर कमी लागतो. मुलं नेहमी विचारायची, “बाई, विमान वर असताना खाली पृथ्वी फिरते, मग पश्चिमेला लवकर पोचायला हवं ना?” प्रश्न चांगला आहे. पण पृथ्वीबरोबर तिची हवासुद्धा फिरते, आणि विमान त्या हवेत आहे. फरक पडतो तो वाऱ्याचा.

याचं सगळ्यात सुंदर उदाहरण आमच्याच वाटेवरचं आहे. एअर इंडियाने डिसेंबर २०१५ मध्ये दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को थेट सेवा सुरू केली ती पश्चिमेकडून, अटलांटिकवरून. ती वाट सुमारे १३,९०० किलोमीटरची होती. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी जाण्याची दिशा उलटी केली, पूर्वेकडून पॅसिफिकवरून. अंतर वाढून १५,३०० किलोमीटर झालं, चौदाशे किलोमीटर जास्त. आणि वेळ? साडेचौदा तास, आधीपेक्षा सुमारे दोन तास कमी! समोरचा वारा पाठीमागे आला. ही एक घटना साइटच्या सूत्राला पुरेशी आहे. तिच्या हिशेबात जास्त अंतराला कमी वेळ कधी लागूच शकत नाही.

सरळ वाटेचंही तसंच. दोरा तिबेटवरून जातो, विमान शक्यतो जात नाही. तिबेटचं पठार सरासरी साडेचार किलोमीटरहून उंच आहे. केबिनमधला हवेचा दाब अचानक गेला तर विमानाला तीन किलोमीटर उंचीपर्यंत खाली यावं लागतं, जिथे माणसांना नळीशिवाय श्वास घेता येतो. तिबेटवर तीन किलोमीटर उंची म्हणजे जमिनीच्या पोटात. म्हणून वळसा. आणि काही वळसे माणसांनी घातलेले. २४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं, आणि दिल्लीहून पश्चिमेला, वायव्येला जाणाऱ्या कितीतरी विमानांचे तास वाढले. त्या आठवड्यात मी मुद्दाम साइट उघडली. तोच आकडा, १५ तास ५१ मिनिटं.

आता खरा प्रवास. १६ मार्च २०२४ ला आम्ही दुसऱ्यांदा निघालो. या वेळी इंदूरपासून एकच तिकीट, सामान इंदूरला दिलं ते थेट सॅन फ्रान्सिस्कोला. ह्यांच्या गुडघ्यांमुळे व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून ठेवली होती. मी वहीत घड्याळ लावून सगळं लिहिलं, सगळं इंदूरच्या वेळेप्रमाणे.

संध्याकाळी पाचला घर सोडलं. बडा गणपतीपाशी नेहमीची गर्दी, पावणेसहाला विमानतळ. सात दहाचं विमान, पावणेनऊला दिल्ली. म्हणजे उडण्याचा नि टेकण्याचा मिळून एक तास पस्तीस मिनिटं, सव्वा तास नव्हे. दिल्लीत सात तास पंधरा मिनिटं बसलो. लोक म्हणतील फार झाले. मला एक मिनिटही जास्त वाटलं नाही. ह्यांनी पाय लांब करून झोप काढली, मी दशम्या आणि लसणाची चटणी काढली, बाजूच्या पंजाबी आजींना दिली. पहाटे चारला विमान हललं. समोरच्या पडद्यावर वाट दिसत होती. आधी वायव्येला वळलो, पठार टाळून मध्य आशियावरून उत्तरेला, मग तासन्‌तास रशिया. खाली नुसतं पांढरं. एवढ्या लांब एकही दिवा दिसला नाही. बेरिंग समुद्रानंतर अलास्काचे डोंगर, आणि मग किनाऱ्याकिनाऱ्याने खाली. पडद्यावरचे किलोमीटर तेरा हजारांच्या पुढे गेले होते, दोऱ्याचे बारा हजार तीनशे ऐंशी होते. १५ तास ४० मिनिटांनी टेकलो. तिथले सकाळचे सात दहा, तारीख तीच. इमिग्रेशनच्या रांगेत आणि सामानात पावणेदोन तास. सॅन मटेओचा अकरा किलोमीटरचा पूल ओलांडून फ्रीमाँटला लेकीच्या दारात पोचलो तेव्हा तिथे सकाळचे दहा, इंदूरला रात्रीचे साडेदहा.

घरापासून घरापर्यंत साडेएकोणतीस तास. साइटच्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट. आणि यात काहीही बिघडलं नव्हतं. सगळी विमानं वेळेवर होती.

परतीला ऑगस्टच्या अखेरीस तिकडून दिल्लीपर्यंत १६ तास २० मिनिटं लागली, जातानापेक्षा चाळीस मिनिटं जास्त. विमानात दर दोन तासांनी मी ह्यांना उठवून मागच्या स्वयंपाकघरापर्यंत चालवून आणत होते. पायात गोळे यायला नकोत म्हणून डॉक्टरांनी सांगितलं होतं.

साइटचे दोन दोष अजून आहेत, आणि दोन्ही सहज दुरुस्त होण्यासारखे. पहिला शोधाचा. लेकीच्या घराला सॅन होजेचा विमानतळही जवळ, म्हणून मी ‘सॅन होजे’ टाकलं. अंतर आलं पावणेसोळा हजार किलोमीटर. घाबरून नकाशा मोठा केला तर रेषेचं टोक कोस्टा रिकात! तिथल्या राजधानीचं नावही सॅन होजे, विमानतळाचं चिन्ह एसजेओ. कॅलिफोर्नियातल्याचं एसजेसी. शेवटचं एक अक्षर वेगळं. यादीत कोस्टा रिका वर येतं आणि देशाचं नाव इतक्या बारीक अक्षरात की चष्म्यातूनही निसटतं. म्हणून नाव टाकू नका, तिकिटावरचं तीन अक्षरी चिन्ह टाका. आपलं आयडीआर, त्यांचं एसएफओ.

दुसरा दोष जास्त गंभीर. साइट दोन शहरांच्या घड्याळातला फरक सांगते, पण प्रवासाची तारीख विचारत नाही. फेब्रुवारीत मी पाहिलं तेव्हा साडेतेरा तास दाखवत होती. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेत घड्याळं एक तास पुढे जातात, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे. त्यामुळे आम्ही गेलो तेव्हा फरक साडेबारा तासांचा झालेला. सहलीला जाणाऱ्याला याचं काही वाटणार नाही. ह्यांना रोज रात्री दहाला इन्सुलिन असतं. इथले रात्रीचे दहा म्हणजे मार्च ते नोव्हेंबर तिथले सकाळचे साडेनऊ, आणि बाकीच्या दिवसांत साडेआठ. आमच्या डॉक्टरांनी तिथल्या वेळेवर हळूहळू कसं सरकायचं ते तासांचा कागद करून दिला होता, आणि तो कागद मी साइटवरचा साडेतेराचा आकडा सांगून करून घेतला होता. निघायच्या चार दिवस आधी जावयांनी फोनवर सहज विचारलं म्हणून लक्षात आलं. डॉक्टरांकडे परत गेले, कागद नवा केला. इन्सुलिन अर्थात हातातल्या पिशवीत, थंडीने गोठू नये म्हणून. ते सामानात कधीही टाकू नका.

एवढं सगळं असूनही मी ही साइट सोडलेली नाही, आणि कुणी सोडावी असंही म्हणत नाही. तिचा नकाशा फार चांगला आहे. सपाटही दिसतो आणि गोलही, बोटाने फिरवता येतो. आमच्या शेजारच्या आजी “उत्तर ध्रुवाकडून कशाला नेतात, रस्ता चुकले तर?” म्हणून घाबरल्या होत्या. सपाट नकाशावर ती रेषा डोंगरासारखी वर चढलेली दिसते, तेच त्यांनी पाहिलं होतं. मी गोल नकाशा फिरवून दाखवला, रेषा सरळ झाली, त्यांचा चेहराही. जाहिराती थोड्या, पान लवकर उघडतं, पैसे मागत नाहीत.

मी आता ती अशी वापरते. थेट अंतर एकदा बघायचं, मग दिल्ली, मुंबई, दुबई असे तुकडे टाकून कुठली वाट किती वाकडी ते बघायचं. वेळेचा रकाना वाचायचाच नाही. वेळ विमान कंपनीच्या वेळापत्रकातून घ्यायची, कारण त्यांनी वारा आणि वळसे धरलेले असतात, आणि तीसुद्धा जाण्याची वेगळी, येण्याची वेगळी. इंदूर–दिल्लीला मी दोन तास धरते. थंडीत दिल्लीची सकाळ टाळते आणि आदल्या संध्याकाळीच पोचते. तिकीट एकच असावं, वेगळं स्वस्त पडत असलं तरी. आणि घराच्या दारापासून मोजायचं, विमानाच्या दारापासून नाही.

साइटवाल्यांना मी इंग्रजीतून सविस्तर पत्र पाठवलं आहे : तारखेचा रकाना द्या, जाण्या-येण्याचा फरक दाखवा, आणि सूत्र पानावर लिहा. आपोआप येणारी पोच आली, पुढे काही नाही. पुन्हा लिहीन.

या नोव्हेंबरात पुन्हा जायचं आहे. तिकिटं घड्याळं मागे गेल्यानंतरची मिळाली आहेत, म्हणजे फरक साडेतेरा तासांचा, म्हणजे ह्यांचं दहाचं इन्सुलिन तिथे साडेआठला. डॉक्टरांची वेळ शनिवारची घेतली आहे.